एकशे चार टाक्यांची टोपी

विणकाम येणाऱ्या बाईला एक खोड असते. घरात काही आनंदाचे घडले की ती सुया काढते आणि काही संकट आले तरी सुयाच काढते. नातवंड व्हायचे म्हटले की टोपडे, कुणी थंडीच्या मुलखात निघाले की स्वेटर, कुणाचा खोकला हटत नसला की गळपट्टा! समोरच्या माणसाला ते हवे आहे की नाही, हे विचारण्याची तिला सवयच नसते. मलाही नव्हती. ती सवय मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी लागली आणि ती लावली माझ्या सुनेने. त्याचीच ही हकीकत आहे.

आमचे घर दहिवलीला. कर्जत म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लागणारी इंजिने ही एक आणि स्टेशनवरचा बटाटेवडा ही दुसरी. त्याच कर्जतहून उल्हास नदीचा पूल ओलांडला की दहिवली. पावसाळ्यात नदी अशी काही फुगते की रात्री अंथरुणात तिचा घुमारा ऐकू यावा, आणि उन्हाळ्यात उकाडा असा की पंख्याखाली बसूनही पदराने वारा घ्यावा. इथून मुलगा आणि सून दोघेही रोज गाडीने कामाला जात, तो दादरला आणि ती ठाण्याला. पहाटेचे डबे, धावतपळत गाठलेली गाडी, परत यायला रात्रीचे आठ, असे आमचे घर घड्याळाच्या काट्यावर चाललेले होते.

२०१८ सालच्या जूनमध्ये ते घड्याळ एकदम थांबले. सूनबाईंना छातीत गाठ लागली. तपासण्या झाल्या आणि परळच्या टाटा रुग्णालयात नाव घातले गेले. जुलैत शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस केमोथेरपी सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक, अशी आठ वेळा औषधे शिरेतून द्यायची होती.

टाटा रुग्णालय हा शब्द नुसता कानावर पडला तरी आमच्या पिढीच्या पोटात गोळा येतो. वास्तविक त्या वास्तूच्या मुळाशीही एका घरचे दुःखच आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि दुसऱ्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हे रुग्णालय उघडले. पुढे १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे आले. कुठून कुठून माणसे तेथे येतात! आसाम, बंगाल, बिहार, आणि आमच्यासारखी कर्जत-कसाऱ्याचीही. बाकावर शेजारी बसलेल्या बाईची भाषा कळत नाही, पण हातातली फाईल मात्र ओळखीची असते.

केस गेले तो दिवस

डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते, “केस जातील. दोन-तीन आठवड्यांत जायला लागतील. पण ते परत येतील.” आम्ही घाबरलेल्या माणसांनी पहिली दोन वाक्ये ऐकली आणि तिसरे सोडून दिले.

सूनबाईंचे केस कमरेपर्यंत होते. लग्नात तिच्या वेणीला गजरा पुरला नव्हता, दोन जोडावे लागले होते. गणपतीच्या दोन दिवस आधी ती न्हाऊन आली आणि फणी फिरवताच हातभर पुंजका फणीत आला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उशीवर केस, अंथरुणावर केस, ताटाशेजारी केस. तेव्हा तिनेच नवऱ्याला म्हटले, “रोज थोडे थोडे जाताना बघण्यापेक्षा एकदाच काढून टाक.” मुलाने मागच्या ओट्यावर पाट ठेवला आणि दाढीच्या यंत्राने तिचे डोके साफ केले. त्याचे हात थरथरत होते. यंत्राचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

नातू आठ वर्षांचा. त्याची मुंज त्याच उन्हाळ्यात झालेली. तो शाळेतून आला, आईकडे टकमक पाहत राहिला आणि टाळ्या पिटून ओरडला, “आईची पण मुंज! आता आईलाही भिक्षावळ घालायची!”

आई खदखदून हसली, मुलगाही हसला. मला मात्र ते हसू सोसले नाही. मी आत गेले आणि उगीचच धुतलेली भांडी पुन्हा विसळीत बसले.

त्याच रात्री मी ट्रंकेतून सुया काढल्या.

लोकरीची पहिली टोपी

माझे विणकाम शाळेतले. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. हिमालयातल्या जवानांसाठी देशभर बायका-मुली विणायला बसल्या होत्या. पुण्याच्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीतही सुया चालत. मी त्या हिवाळ्यात चार कानटोप्या विणल्या. एकीच्या आत मी माझ्या नावाची चिठ्ठी ठेवली होती, ती बाईंनी काढून टाकली आणि वर दोन शब्द ऐकवले, तेही अजून आठवतात! त्या दिवसापासून कानटोपी हे माझे हुकमी विणकाम. बर्फातल्या जवानाला जी चालली ती दहिवलीतल्या सुनेला का चालू नये, असा सरळ हिशेब मी केला.

घरात जांभळ्या लोकरीचे दोन गुंडे होते. माप कुणाचे घ्यावे? ती झोपलेली होती, म्हणून मी आपल्याच डोक्याचे घेतले, अंबाड्यासकट! तीन रात्री जागून टोपी झाली. वर गोंडा लावला, कडेला वेल काढली. दिसायला खरेच सुरेख होती.

गौरीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. गर्दीत बसायचे नाही असे डॉक्टरांनी बजावलेले, म्हणून सूनबाई आतल्या खोलीत दाराशी बसणार होती. मी टोपी घेऊन गेले आणि म्हणाले, “बायका येतील आता. तेवढी ही घालून बस हं.”

तिने टोपी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि अगदी शांतपणे विचारले, “आई, ही तुम्ही माझ्यासाठी विणलीत, की येणाऱ्या बायकांसाठी?”

मला उत्तर सुचले नाही. तिनेही उत्तराची वाट पाहिली नाही. टोपी घातली आणि बसली. भाद्रपदातला उकाडा, घरभर समया आणि उदबत्त्या. टोपी अंबाड्याच्या मापाची असल्याने घसरून भुवयांवर येत होती. बायका येत होत्या, दारातूनच “कशी आहेस गं” म्हणत होत्या, आणि ती घाम पुसत हसत होती. रात्री टोपी काढली तेव्हा कपाळावर आणि कानांमागे लालभडक वळ उठले होते.

आलवणाची आठवण

त्या रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. मागचे दार उघडे होते. सूनबाई ओट्यावर बसली होती. नदीवरून थोडा वारा येत होता आणि तिने उघडे डोके वाऱ्याकडे केले होते. माझे पाऊल वाजले मात्र, तिचा हात झटकन मांडीवरच्या टोपीकडे गेला.

तो हात मी पूर्वी पाहिलेला होता.

माझ्या वडिलांची एक आत्या आमच्या पुण्याच्या वाड्यात राहत असे. कोवळ्या वयात विधवा झालेली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिचे केशवपन झालेले आणि अंगावर लाल आलवण. महिन्या-दीड महिन्याने मागच्या दाराने न्हावी येई. त्या वेळी आम्हां मुलांना पुढच्या चौकात पिटाळीत. आम्ही तिला कधी उघड्या डोक्याने पाहिले नव्हते. एकदा मे महिन्यात, रात्री पाणी प्यायला उठले असताना मी तिला गच्चीच्या जिन्यात पाहिले. पदर खाली सोडून, डोके उघडे टाकून ती वारा खात बसली होती. माझी चाहूल लागली आणि तिचा हात असाच झटकन पदराकडे गेला. मी सात-आठ वर्षांची, तिची भाचेनात. माझ्याशीही तिला लाजावे लागत होते!

तरुण वाचकांना ही गोष्ट पुराणातली वाटेल, पण ती फार जुनी नाही. ब्राह्मण आणि इतर काही घराण्यांत विधवेचे केस काढणे हा धर्म मानला जाई. त्याविरुद्ध महाराष्ट्रात किती जणांना झगडावे लागले! १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळींनीच सभा घेऊन, आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा धरणार नाही असे ठरवले. १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केले आणि त्यापायी बहिष्कार सोसला. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे तर केशवपन झालेले होते. पुढे त्यांनी विचारपूर्वक केस वाढवले. एका बाईने स्वतःच्या डोक्यावर स्वतःचे केस येऊ द्यावेत, यालाही धैर्य लागत होते.

तेव्हा बाईचे केस म्हणजे नुसते केस नव्हेत, हे आमच्या हाडीमासी मुरलेले. मुंजीत मुलाचे डोके भादरले तर पेढे वाटायचे. तिरुपतीला जाऊन केस दिले तर ते पुण्य. पण घरातल्या सुवासिनीचे डोके उघडे दिसले की काळजात चर्र होते, आणि ते का होते हे आपल्यालाच नीट सांगता येत नाही. मलाही त्या दिवशी सांगता आले नसते. आता उमगले, की मी तीन रात्री जागून विणली ती टोपी नव्हतीच. जांभळ्या लोकरीचे आलवण मी विणले होते. तिच्या डोक्याला थंडी वाजत होती म्हणून नव्हे, माझे डोळे चुकवावेत म्हणून.

मी ओट्यावर तिच्या शेजारी बसले. म्हटले, “राहू दे गं. वारा लागू दे डोक्याला.” तिने टोपी खाली ठेवली. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. मग मी आयुष्यात पहिल्यांदा विणण्याआधी विचारले, “तुला टोपी हवी आहे का? आणि हवी असली तर कशी?”

तिच्याजवळ उत्तर तयारच होते! “हवी आहे, आई. पहाटे गाडीत खिडकीचं वारं डोक्याला झोंबतं. दुपारी उन्हाचा चटका बसतो. रात्री उशीचा अभ्रासुद्धा खरखरीत लागतो. पण लोकर नको. गोंडा नको. आत शिवण नको. आणि घरात मी घालणार नाही.”

केस का जातात?

टोपी कशी असावी हे कळायला आधी केस का जातात ते समजून घ्यावे लागते. ते मला रुग्णालयातल्या एका परिचारिकेने फार सोपे करून सांगितले.

आपल्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. त्यांतले दहातले आठ-नऊ केस कोणत्याही वेळी वाढीला लागलेले असतात, आणि पन्नास ते शंभर केस रोज आपले आपण गळतच असतात. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत भराभर वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. कर्करोगाच्या पेशीही भराभर वाढणाऱ्या. वाढत्या पेशी गाठून मारायच्या, हे त्या औषधांचे काम. त्यांना चोर आणि साव यांतला फरक कळत नाही, म्हणून केसांच्या मुळांवरही धाड पडते. पण मूळ जळून जात नाही, नुसते निपचित पडते. औषधे थांबली की दोन-तीन महिन्यांत लव दिसू लागते. सर्वच औषधांनी केस जातात असेही नाही. काहींनी विरळ होतात, काहींनी मुळीच जात नाहीत. किरणोपचारांत तर जिथे किरण पडतात तिथलेच केस जातात.

या औषधांच्या कुळकथाही नवलाच्या आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, युद्धातल्या विषारी वायूच्या अभ्यासातून पहिले औषध हाती आले. आणि दुसरी गोष्ट तर आमच्या अंगणातली! सदाफुली कोणाच्या दारी नसते? आमच्या तुळशीमागे जांभळट-गुलाबी फुलांचे तिचे बेट माजले आहे. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातले शास्त्रज्ञ, सदाफुलीची पाने मधुमेहावर चालतात म्हणतात ते खरे का, हे पाहायला बसले. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही दोन औषधे निघाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. (म्हणून कुणी सदाफुलीची पाने चावून खाऊ नयेत. ती विषारी आहेत.)

केस गेल्यावर डोक्याची कातडी अगदी तान्ह्या मुलासारखी हळवी होते. जन्मभर केसांच्या छपराखाली राहिलेली ती कातडी! तिला लोकर टोचते, शिवण रुतते, घट्ट इलास्टिकचा वळ उठतो. घाम आला तर तो शोषायला केस नसतात. शिवाय या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊन शरीराची प्रतिकारशक्ती उतरते, म्हणून डोक्यावर जे घालायचे ते रोज धुतलेले हवे. विग असतात, काही फार चांगले असतात, पण आमच्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तासभर घातला की डोक्याची भट्टी होते. लग्नकार्याला किंवा कचेरीत ज्यांना तो हवासा वाटतो त्यांनी जरूर वापरावा. रोजच्या वापराला मात्र साध्या सुती टोपीसारखे सुख नाही.

एकशे चार टाके

दुसरी टोपी मी सुती दोऱ्याची विणली. विणकामाचा मऊ सुती दोरा हल्ली ठाण्या-दादरच्या दुकानांतून मिळतो. बांबूपासून काढलेला धागाही मिळतो, तो त्याहून थंड. शंभर ग्रॅमच्या एका गुंड्यात एक टोपी होऊन थोडा दोरा उरतो. दोरा गालावर आणि मनगटाच्या आतल्या बाजूस घासून पाहावा. तिथे टोचला नाही तर डोक्यालाही टोचणार नाही.

आता कृती सांगते. आठ नंबरच्या, मोजे विणतात तशा दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया घ्याव्यात, म्हणजे टोपी गोल विणली जाते आणि शिवण येतच नाही. आधी नमुन्याचा चौकोन विणून इंचाला साडेपाच टाके येतात ना, हे पाहावे. मग सैल हाताने १०४ टाके घालावेत. पहिले दोन इंच दोन सुलट, दोन उलट असे विणावे. त्यानंतर सगळे सुलट. कडेपासून साडेपाच इंच झाले की माथा बांधायला घ्यावा. ११ टाके सुलट, पुढचे दोन एकत्र, असे आठ वेळा केले की एक फेरी होते आणि ९६ टाके राहतात. पुढची फेरी साधी. त्यापुढच्या फेरीत १० टाके आणि दोन एकत्र. असे एकाआड एक फेरीत आठ-आठ टाके कमी करीत जावे. शेवटी आठ टाके उरले की दोरा तोडून सुईने त्या आठांतून ओवावा, ओढून घ्यावा आणि टोक वरच्या बाजूनेच लपवावे. आत गाठ ठेवायची नाही. एवढीशी गाठ, पण उशीवर डोके टेकले की खड्यासारखी बोचते.

ही टोपी नुसती ठेवली तर एकोणीस इंच भरते आणि घातल्यावर बावीसपर्यंत ताणते. पाहणाऱ्याला वाटेल, लहान झाली. तशी ती नाही. केस गेले की डोक्याचे माप उतरते, हे मी अंबाड्यावरून शिकले आहे! सुती दोरा धुण्याने सैलही पडतो, म्हणून टाके वाढवण्याच्या मोहात पडू नये. डोके लहान असेल तर ९६ घालावेत आणि माथ्याशी ११ च्या जागी १० पासून सुरुवात करावी. पुढून टोपी केसांच्या रेषेच्या खाली यावी आणि मागे मान झाकावी, कारण तिथेही केस नसतात.

ज्यांना चार सुया जमत नाहीत त्यांनी दोन सुयांवर विणून शिवण बाहेरच्या अंगाला काढावी. क्रोशाने केली तरी चालेल, मात्र टाका सैल हवा, नाहीतर टोपी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. आणि घरात कुणी प्रेमाने आधीच लोकरीची टोपी विणून ठेवली असेल, तर ती टाकू नये. तिला आतून जुन्या मलमलीचे अस्तर लावावे. माझी जांभळी टोपी मी तशीच सुधारली. सासूबाईंचे एक नऊवारी लुगडे होते, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. त्याचे अस्तर लावले, गोंडा कापून टाकला. डिसेंबर-जानेवारीत दहिवलीला पहाटे चांगली थंडी पडते, तेव्हा तीच टोपी उपयोगी पडली. उरलेल्या लुगड्याचे दोन रुमाल आणि उशीचे दोन अभ्रे झाले.

टोप्या नेहमी दोन द्याव्यात. एक डोक्यावर, एक दोरीवर. साध्या सौम्य साबणाने धुवाव्यात, खूप खळबळाव्यात आणि उन्हात वाळवाव्यात. अत्तर, धूप, डांबरगोळी यांचा वास लागू देऊ नये. औषधांच्या दिवसांत त्या वासानेही पोटात ढवळते.

गाडीतल्या मैत्रिणी

सूनबाईंच्या गाडीतल्या मैत्रिणींचा एक कंपू आहे. कर्जतला जागा धरायची, नेरळला एक चढणार, वांगणीला दुसरी, बदलापूरला दोघी. भाजी निवडणे, वाढदिवस, भोंडला, सगळे गाडीत. सुट्टीच्या त्या महिन्यांत त्या पाळीपाळीने दहिवलीला येत, दारातूनच बोलत, डबा ठेवून जात. त्यांनी ती निळी सुती टोपी पाहिली आणि म्हणाल्या, “काकू, आम्हांला शिकवा.” दोघींनी कधी सुई धरली नव्हती. बदलापूर ते ठाणे एवढ्या वेळात दोन-तीन फेऱ्या होतात, असे त्यांनीच मला सांगितले. गाडीच्या धक्क्याने टाके पडत, ते रविवारी माझ्याकडे उचलायला आणीत.

दिवाळीनंतरच्या पाळीला आम्ही परळला गेलो तेव्हा पिशवीत अकरा टोप्या होत्या. मला वाटले, बाकाबाकावर जाऊन वाटाव्यात. सूनबाईंनी माझा हात धरला. “आई, तशा नाही.” तिने पिशवी मांडीवर उघडी ठेवली आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी सारखी करीत बसली. थोड्या वेळाने शेजारच्या बाईने खुणेने विचारले, कुठे मिळाली? सूनबाईंनी पिशवी पुढे केली. त्या बाईने चार रंग पाहिले आणि हिरवी निवडली. मग तिच्या पलीकडची आली. एका मुलीने मात्र मानेने नको म्हटले. तिचे उघडे डोके छान गोल होते आणि कानांत मोठी झुंबरे होती. तिला टोपीची गरजच नव्हती. दुपारपर्यंत सात टोप्या गेल्या, चार परत आल्या. पूर्वीची मी असते तर त्या चारांचे वाईट वाटून घेतले असते.

म्हणून माझ्या विणकर भगिनींना एवढेच सांगणे आहे, की द्या जरूर, पण मांडून द्या, निवडू द्या. रुग्णालयात किंवा धर्मशाळेत द्यायच्या असतील तर आधी तिथल्या समाजसेविकेला विचारा, काय लागते, किती लागते. मुलांसाठी विणायची असेल तर ८८ टाके पुरतात आणि रंग भडक चालतात. पुरुषांना विसरू नका. केस त्यांचेही जातात आणि डोके त्यांचेही पोळते, पण त्यांना कुणी विचारीत नाही. आणि घरातल्या माणसाने टोपी काढून ठेवली तर ती पुन्हा त्याच्या हातात देऊ नका.

जानेवारी २०१९ मध्ये सूनबाईंची आठवी पाळी संपली. नंतर किरणोपचार झाले. गुढीपाडव्याला तिच्या डोक्यावर काळी लव आली होती. नातू येता-जाता तिच्यावर तळहात फिरवी आणि “मखमल!” म्हणे. त्या दिवाळीला केस कानापर्यंत आले आणि काय नवल, ते कुरळे आले! असे पुष्कळांचे होते म्हणे. पुढे ते हळूहळू सरळ झाले. आज ती ठणठणीत आहे, वेळच्या वेळी तपासणीला जाते आणि तिची पुन्हा वेणी होते. पहिल्याइतकी लांब नाही. ती म्हणते, एवढीच बरी, गाडीत सोसते.

माझी दृष्टी आता अधू झाली, तरी सुती दोऱ्याचा एक गुंडा नेहमी टोपलीत असतो. गेल्या महिन्यात सूनबाई कामावरून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “आई, आमच्या कचेरीतल्या एकीच्या आईंना परवा पहिली केमो दिली.”

मी चष्मा शोधला आणि सुया काढल्या. “एकशे चार घालू?”

“घाला. पण थांबा, आधी त्यांना फोन करून रंग विचारते.”